मेडिव्हल २ : माणसे लक्षात ठेवणारा, तह विसरणारा खेळ

व्हेनिसच्या बाजूने सुरू केलेली माझी मोहीम गेल्या आठवड्यात मी अर्ध्यावर सोडली. हरत होतो म्हणून सोडली नाही. खजिना भरलेला होता, कॉन्स्टँटिनोपल ताब्यात होते आणि समोर कोणी तुल्यबळ उरलेला नव्हता. तरीही पुढचा टर्न (पाळी) संपवण्याचे बटण दाबण्याची इच्छा होईना. असे का झाले याचा विचार करताना या गेममध्ये मला काय विलक्षण वाटते आणि काय इतकी वर्षे खुपत आले आहे, हे प्रथमच नीट उलगडले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी ‘मेडिव्हल २ : टोटल वॉर’ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. २००६ साली आलेला हा संगणकावरचा गेम दोन पातळ्यांवर चालतो. एका पातळीवर युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा नकाशा असतो, ज्यावर आपण टर्न-टर्नने शहरे वाढवतो, फौजा हलवतो, वकील आणि हेर पाठवतो. दोन फौजा भिडल्या की दुसरी पातळी उघडते आणि शेकडो, कधी हजारो सैनिकांची प्रत्यक्ष लढाई आपल्याला स्वतः चालवता येते. मुख्य मोहीम १०८० मध्ये सुरू होते आणि १५३० पर्यंत चालते, म्हणजे इंग्लंडमधली हेस्टिंग्जची आणि आजच्या तुर्कस्तानातली मंझिकर्टची लढाई नुकतीच मागे पडलेली असते आणि शेवटाकडे तोफा-बंदुकांचे युग उजाडलेले असते. मधल्या काळात धर्मयुद्धे होतात, मंगोल चालून येतात, प्लेगची साथ येते, तैमूरची फौज हत्तींवर तोफा लादून पूर्वेकडून उतरते.

या साऱ्या पसाऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे या गेममधली माणसे. इथला सरदार म्हणजे नकाशावरचा नुसता मोहरा नसतो. तो जे करतो त्याचा ठसा त्याच्या स्वभावावर उमटतो. लढाई संपल्यावर कैद्यांचे काय करायचे हे आपल्याला विचारले जाते : सोडायचे, खंडणी घेऊन परत द्यायचे की ठार करायचे. शहर जिंकल्यावर नुसते ताब्यात घ्यायचे, लुटायचे की कत्तल करायची, हाही निर्णय आपलाच. जो सरदार कैदी सोडत जातो आणि जिंकलेल्या शहराला हात लावत नाही, त्याची उदार वीर अशी ख्याती वाढते. त्याच्या नुसत्या उपस्थितीने स्वतःच्या सैनिकांना धीर येतो आणि तो ज्या शहराचा कारभार पाहतो तिथली वस्ती वाढते. जो कत्तली करत जातो त्याचा दरारा वाढतो आणि समोरच्या सैन्याचे पाय लढाईआधीच लटपटू लागतात. दोन्ही वाटा लाभाच्या आहेत, त्यामुळे निवड खरी असते. शहरात वर्षानुवर्षे बसवून ठेवलेला सरदार आळशी होतो, दारूच्या किंवा पैशाच्या नादी लागतो. लढाईआधी तो सैन्यापुढे जे भाषण करतो, तेही त्याच्या या जमा झालेल्या स्वभावाप्रमाणे बदलते.

माझ्या या मोहिमेत असाच एक सरदार होता. तो राजघराण्यातला नव्हता. रागुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या माझ्या ठाण्याबाहेर बंडखोरांची एक टोळी उभी होती आणि जवळ सरदार नसल्यामुळे मी एका साध्या कप्तानाच्या हाताखाली थोडे भालाईत आणि धनुर्धारी पाठवले. ती लढाई अशी काही जिंकली गेली की त्या कप्तानाला घराण्यात दत्तक घ्यायचे का, असा प्रश्न गेमने विचारला. मी होकार दिला. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन फौजांशी झालेल्या प्रत्येक लढाईनंतर मी त्याच्या हातून कैदी सोडवत गेलो. कॉन्स्टँटिनोपल पडले तेव्हा समोर लुटीचा मोठा आकडा दिसत होता आणि खजिन्याला पैशाची गरजही होती, पण ज्या माणसाला इतक्या मेहनतीने घडवले त्याच्या हातून ते शहर लुटवावेसे मला वाटले नाही. त्या क्षणी मी हिशेब मांडत नव्हतो, त्या माणसाला जपत होतो. आकडे हलवणाऱ्या खेळाडूला माणूस जपायला लावणे ही फार मोठी कामगिरी आहे, आणि या गेमइतकी ती दुसऱ्या कोणत्याही गेमने माझ्याकडून करवून घेतलेली नाही.

लढाईतली दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, ती म्हणजे घोडदळाची धडक. नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, यांची तुकडी शत्रूसमोर सरळ रेषेत उभी करायची, पुरेसे अंतर ठेवायचे आणि हल्ल्याचा हुकूम द्यायचा. घोडे आधी चालतात, मग दौडतात, आणि ओळ बिघडली नसेल तर ठरावीक अंतरावर सगळे भाले एकदम खाली येतात. ते भाले खाली आले की पुढे काय होणार हे कळून चुकते आणि पायदळाची आख्खी ओळ उधळली जाते. अंतर कमी पडले किंवा ओळ वाकडी झाली तर भाले वरच राहतात आणि तीच तुकडी गर्दीत रुतून मार खाते. म्हणजे केवळ महागडे नाइट भरती करून भागत नाही, त्यांना वापरावे कसे हे हाताला शिकवावे लागते. पहिल्या मोहिमेत मला हे कळलेच नव्हते आणि घोडदळ निरुपयोगी आहे, असा माझा ठाम समज झाला होता.

किल्ला आणि शहर यांतला भेदही उत्तम जमला आहे. किल्ल्यातून कसलेले सैनिक मिळतात, पण कराचा दर ठरवता येत नाही. शहरातून पैसा येतो, पण लढायला बहुतांशी नागरी शिबंदीच मिळते. कुठले ठाणे कशात बदलायचे यावर सबंध राज्याची ठेवण ठरते. शिवाय चांगल्या तुकड्या हव्या तितक्या भरती करता येत नाहीत. त्यांचा साठा काही टर्ननंतर पुन्हा भरतो, त्यामुळे एका पराभवात गमावलेले नाइट परत उभे करायला खरोखर वेळ लागतो. व्यापाऱ्यांचा भाग मात्र मला कधीच आवडला नाही. रेशमाच्या किंवा सोन्याच्या ठिकाणी व्यापारी नेऊन उभा करायचा आणि दुसऱ्याच्या व्यापाऱ्याने त्याला गिळंकृत करण्याची वाट पाहायची, याला व्यापार म्हणणे कठीण आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. माणसांच्या बाबतीत इतकी तीव्र स्मरणशक्ती असलेला हा गेम राज्यांच्या बाबतीत मात्र सारे विसरून जातो. मोहिमेच्या सुरुवातीलाच मी मिलानशी मैत्रीचा करार केला होता. त्या बाजूची सीमा शांत राहावी म्हणून त्यांना वेळोवेळी पैसे दिले, नकाशाची माहिती दिली, त्यांच्या शत्रूशी व्यापार केला नाही. कॉन्स्टँटिनोपल घेतल्यानंतर काही टर्नमध्ये मिलानचे एकच जहाज रागुसाच्या बंदराबाहेर आले आणि त्याने बंदराची नाकेबंदी केली. मागे फौज नव्हती, काही मागणी नव्हती, भांडणाचे कारणही नव्हते. एका जहाजाने एवढ्या वर्षांची मैत्री मोडली आणि युद्ध सुरू झाले. ते जहाज मी बुडवले, वकील पाठवून तह मागितला आणि वर पैसेही देऊ केले. नकार आला. ज्या राज्याकडे माझ्या निम्मी फौज नव्हती, त्या राज्याने तह नाकारला.

हे एकदा घडले असते तर मी त्याला राजकारण म्हटले असते. विश्वासघात मध्ययुगात नव्हता असे कोण म्हणेल? परंतु विश्वासघाताला हेतू असतो, त्यातून काही मिळवायचे असते. इथे प्रत्येक मोहिमेत, प्रत्येक सीमेवर हेच होते, आणि काठिण्यपातळी वाढवावी तसे अधिकच होते. वाटाघाटींच्या खिडकीत प्रत्येक राज्याची विश्वासार्हता लिहिलेली असते, आपली पत किती चांगली आहे तेही दिसते. म्हणजे गेमच्या वहीत नोंद आहे, पण ती वही उघडून कोणी निर्णय घेतो आहे असे कधी जाणवत नाही. आपल्याकडे युद्धात जिंकून तहात हरण्याची गोष्ट नेहमी बोलली जाते. या गेममध्ये तहात हरण्याइतकाही तह शिल्लक राहत नाही.

यापुढे जे घडले त्याने मोहीम माझ्यापुरती संपली. मिलानची फौज माझ्या हद्दीत शिरली म्हणून मी प्रतिहल्ला करून त्यांच्या ठाण्याला वेढा घातला, आणि पुढच्याच टर्नला पोपचा खलिता आला : मिलानशी युद्ध थांबवा, नाहीतर धर्मबहिष्कृत व्हाल. पोपची ही भूमिका मुळात मला फार आवडते. कॅथलिक राज्यांनी एकमेकांना मनमुराद गिळू नये म्हणून वर एक सत्ता असावी, तिची मर्जी सांभाळावी लागावी, आपले धर्मगुरू कार्डिनल व्हावेत, नव्या पोपच्या निवडणुकीत आपणही मत द्यावे, ही रचना त्या काळाला धरून आहे. पण कुरापत कोणी काढली याचा विचार या खलित्यात मला कुठे दिसला नाही. वेढा उठवला असता तर मिलानने पुन्हा चाल केली असती, म्हणून मी उठवला नाही. पोपची मर्जी घसरली आणि लवकरच माझ्या शहरांभोवती इन्क्विझिटर, म्हणजे पाखंड शोधणारे चर्चचे तपासनीस, फिरू लागले. ते माणसाची धर्मनिष्ठा तपासतात आणि कमी भरली तर त्याला जाळतात. माझा सरदार आयुष्यभर छावणीत राहिलेला, त्याची धर्मनिष्ठा बेताचीच होती. एक टर्न संपला आणि त्याला जिवंत जाळल्याची एक छोटी चित्रफीत दिसली. अपिलाची सोय नव्हती, लाच देण्याची नव्हती, त्याला घेऊन पळून जाण्याचीही नव्हती. इन्क्विझिटरवर मारेकरी घालता येतो, पण त्याला मारण्याची शक्यता इतकी कमी दाखवली जाते की तो उपाय केवळ नावापुरता आहे.

सरदार मरू नयेत असे माझे म्हणणे नाही. तो लढाईत पडला असता तर मी ती लढाई आजवर आठवणीत ठेवली असती. एका जहाजाच्या निर्हेतुक कृतीपासून सुरू झालेल्या साखळीच्या टोकाला तो गेला, आणि त्या साखळीत मला शहाणपणाने वागण्याची एकही जागा दिली गेली नाही, याचे मला वाईट वाटते.

त्याच्या नोंदीकडे शेवटचे पाहिले तेव्हा कालगणनेचा जुना दोषही पुन्हा डोळ्यांत भरला. मूळ गेममध्ये एक टर्न म्हणजे दिनदर्शिकेवर दोन वर्षे, पण माणसाचे वय एका टर्नला अर्ध्याच वर्षाने वाढते. ११२० साली दत्तक घेतला तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि ११९६ साली जाळला गेला तेव्हा ४३ वर्षांचा. ७६ वर्षांत १९ वर्षांनी वाढलेला माणूस! ४५० वर्षांची मोहीम २२५ टर्नमध्ये बसवण्यासाठी ही तडजोड केली असावी हे समजते, पण ज्या गेमचा आत्माच माणसांचे आयुष्य आहे त्याने नेमकी ही तडजोड करायला नको होती. सुदैवाने गेमच्या फाइलमधला टाइमस्केलचा, म्हणजे एका टर्नला किती वर्षे जातात याचा, एक आकडा दोनवरून अर्ध्यावर आणला की वर्षे आणि वये जुळतात. मग मोहीम ९०० टर्नची होते, हा भाग वेगळा.

लढाईतल्या खोड्या खेळणाऱ्या सर्वांनाच माहीत आहेत. वेढ्यात शिड्या लावल्यावर तुकडी तटाखाली घुटमळते. लांब भाल्यांचे पायदळ ऐन वेळी भाले टाकून तलवारी उपसते आणि ज्यासाठी त्यांना उभे केले तेच काम सोडून देते. समुद्रावरची लढाई तर आपल्याला चालवताच येत नाही, आकडेमोडीने निकाल समोर येतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर मी तोडगे शिकलो आहे, म्हणून त्यांचा आता राग येत नाही.

या गेमला इतकी वर्षे जिवंत ठेवले ते मॉड, म्हणजे गेमच्या फाइली बदलून केलेल्या आवृत्त्या, बनवणाऱ्यांनी, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. ‘स्टेनलेस स्टील’ या मॉडमध्ये ११०० किंवा १२२० पासून सुरुवात करता येते, नकाशा अधिक भरीव आहे आणि शत्रूच्या फौजाही अधिक जाणतेपणाने चालून येतात. पण त्यांचेही हात बांधलेले आहेत. राज्यांची संख्या ३१ च्या पुढे नेण्याची मुभा मूळ गेमने ठेवलेली नाही, आणि तह कसा पाळायचा याचा विचार ज्या गाभ्यात होतो, तिथपर्यंत साध्या फाइली बदलून पोहोचता येत नाही.

मला हवे आहे ते फार नाही. कैदी सोडणाऱ्या सरदाराला ज्या रीतीने गेम उदार ठरवतो, त्याच रीतीने शब्द मोडणाऱ्या राज्याला त्याने काहीतरी चिकटवावे. त्या राज्याशी कोणी सोयरीक करू नये, त्याच्या वकिलाला दारातून परत पाठवावे, पोपचा पहिला खलिता त्याला जावा. आणि ज्याने ३० टर्न शब्द पाळला, त्याच्या बंदरावर जहाज पाठवण्याआधी शेजाऱ्याने निदान काही मिळण्याची वाट पाहावी. सरदारांसाठी जी वही इतक्या बारकाईने लिहिली जाते, तिची दोन पाने राज्यांसाठी राखून ठेवली असती, तरी चालले असते.

काल रात्री टाइमस्केल बदलून व्हेनिसचीच नवी मोहीम सुरू केली आहे. अजून १०९१ चालू आहे. मिलानचा वकील मैत्रीचा प्रस्ताव घेऊन आला होता आणि मी तो स्वीकारला आहे. राजाचा धाकटा मुलगा या हिवाळ्यात १६ वर्षांचा होऊन नकाशावर उतरला. त्याला आधी एका धर्मगुरूसोबत दोन-तीन वर्षे प्रवासाला ठेवणार आहे, फौज नंतर देईन.