नामाचा प्रकार सुट्या शब्दाला नसतो

नमस्कार. इंग्रजी नामांच्या प्रकारांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप दोन आहेत. 'ग्लास' हा शब्द मी दोन प्रकारांत दाखवून मुलांचा गोंधळ उडवला, कारण एका नामाचा प्रकार एकच असतो, हा पहिला. विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक आणि भाववाचक या पाच प्रकारांच्या व्याख्या नीट द्यायच्या सोडून मी अर्धा लेख मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या नामांवर घालवला, हा दुसरा.

पहिला मला मुळीच मान्य नाही. 'द डोअर इज मेड ऑफ ग्लास' इथे ग्लास पदार्थवाचक नाम आहे. 'शी ब्रोक अ ग्लास' इथे तेच सामान्यनाम झालं, म्हणून आधी 'अ' आला आणि अनेकवचन 'ग्लासेस' करता येतं. पेपर, आयर्न, स्टोन यांचंही तेच. भाववाचक नामंही अशीच वागतात. 'शी हॅज एक्सपीरियन्स' म्हणजे काम करता करता साठलेला अनुभव, पण 'वी हॅड अ स्ट्रेंज एक्सपीरियन्स' म्हणजे घडलेला एक प्रसंग. वाक्य काढून टाकलं तर प्रकार ठरवायचा कशावरून?

दुसऱ्या आक्षेपाचं मूळ मला कळतं. परीक्षेत 'प्रकार ओळखा' असं विचारतात, त्यामुळे व्याख्या पाठ हव्यातच. पण हे पाच प्रकार एका निकषावर पाडलेले नाहीत. पदार्थवाचक नाम वस्तू कशाची बनली ते सांगतं, समूहवाचक गट दाखवतं, भाववाचक हाताला न लागणाऱ्या गोष्टीचं नाव असतं. म्हणून 'टीम' समूहवाचक आहे आणि सामान्यनामही आहे. मग 'फर्निचर' कुठे घालायचं? अनेक वस्तूंचा बोध होतो म्हणून समूहवाचक म्हणावं, तर 'टीम'चं 'टीम्स' होतं, 'फर्निचर'चं 'फर्निचर्स' होत नाही. 'आयडिया' आणि 'ॲडव्हाइस' दोन्ही भाववाचक, तरी 'आयडियाज' बरोबर आणि 'ॲडव्हायसेस' चूक. भाववाचक नामाला अनेकवचन नसतं हा पाठ केलेला नियम इथेच मोडतो.

लिहिताना मुलांच्या चुका होतात त्या नेमक्या या जागी, आणि त्या टाळायला प्रकाराचं नाव उपयोगी पडत नाही. नाम मोजता येत नाही हे कळलं की बाकीचं आपोआप येतं: आधी 'अ' नाही, 'मेनी' नाही तर 'मच', क्रियापद एकवचनी, आणि एकच नग सांगायचा तर 'अ पीस ऑफ फर्निचर'. इन्फर्मेशन, लगेज, न्यूज हे शब्द याच रांगेतले. 'न्यूज'च्या शेवटी 'स' दिसला तरी 'द न्यूज इज' असंच लिहायचं.

समूहवाचक नामांवर वेगळं लिहायला हवं. ब्रिटिश इंग्रजीत गटातली माणसं डोळ्यांपुढे असतील तर 'द टीम आर' चालतं, अमेरिकन इंग्रजीत बहुधा 'इज'च. 'पोलीस'ला मात्र दोन्हीकडे 'आर'.

'ग्लास'चं उदाहरण मी काढणार नाही. त्याखाली 'पेपर'ची दोन वाक्यं वाढवतो, म्हणजे मुलांना आधी 'अ' आहे का, अनेकवचन होतं का, हे पाहून प्रकार स्वतः ठरवता येईल.