दहावीचं वर्ष आणि पेटी

परवा आणखी एक मुलगा गेला. नववीचा निकाल लागला, दहावीच्या क्लासचं वेळापत्रक हातात पडलं आणि आई सांगायला आली, "ताई, दहावी झाली की परत पाठवते." ठाण्यात नौपाड्यात मी पंधरा वर्षं पेटी शिकवते. असे गेलेले फार थोडे परत येतात.

त्या रात्री एलिस मार्सालिस ऐकत बसले. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे जाझ पियानोवादक. आपल्याकडे त्यांना कोणी ओळखलंच तर विंटन आणि ब्रॅनफर्डचे वडील म्हणून. सहा मुलगे, त्यातले चौघे नावाजलेले वादक: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, ड्रम्स. १९९७ साली विंटनच्या रचनेला पुलित्झर मिळालं, जाझला पहिल्यांदाच. हे ऐकलं की आपण लगेच म्हणतो, घराणंच ते, रक्तातच आहे!

मला हे 'रक्तात' अजिबात पटत नाही. १९७४ पासून एलिस एका सरकारी कलाशाळेत शिकवायला लागले. मुलं अर्धा दिवस आपल्या नेहमीच्या शाळेत, अर्धा दिवस इथे. प्रवेश वाजवून दाखवून, फी नाही. रात्री क्लबात वाजवणारा माणूस दिवसा वर्गात उभा राहायचा. गायक-पियानोवादक हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्ड तिथेच त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि ते काही मार्सालिस नव्हते. आपल्याकडे कितीतरी उस्तादांनी खास चिजा मुलासाठी राखून ठेवल्या. या माणसाने घरातली विद्या सरकारी शाळेच्या वर्गात नेऊन ठेवली. मला त्यांच्या मुलांच्या कीर्तीपेक्षा हे मोठं वाटतं. १ एप्रिल २०२० रोजी, ८५ व्या वर्षी, कोविडने ते गेले.

गायक राम मराठ्यांच्या नावाने संगीत समारोह भरवणारी आपली ठाणे महापालिका आहे. तिने एका तरी शाळेत असा अर्धा दिवस सुरू करून बघावा. पूर्ण पगारावर नेमलेला, स्वतः मैफलीत वाजवणारा शिक्षक, आणि दहावीच्या वर्षीही बंद न होणारा तास. गणिताला वेळ कमी पडेल म्हणणाऱ्या पालकांशी बोलायला मी स्वतः येईन.

त्या मुलाची वही माझ्याकडेच राहिलीय. भूपाच्या ताना अर्ध्यावर आहेत. उद्या त्याच्या घरी जाऊन आईला विचारणार आहे, रविवारी सकाळी तासभर पाठवाल का? पैसे नकोत.