केक नको, पाणी कुठून येतं ते विचार

कालपासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर वर्गणी चालू आहे. एक मित्र डिसेंबरात केनियाला चाललाय, दोन आठवडे, तिथल्या एका खेड्यातल्या अनाथाश्रमाच्या भिंती रंगवायला, आणि सोबत वह्या, रंगपेट्या, बिस्किटं नेणार. मी पैसे दिले नाहीत म्हणून मला चिक्कू वगैरे म्हणून झालंय. तर इथेच लिहितो, ग्रुपवर एवढं कोण वाचतंय.

मी साडेतीन वर्षं नैरोबीत नोकरीला होतो आणि आम्हीपण हेच केलंय. रविवारी मिनीबस करून गेलो, केक, फुगे, सगळं साग्रसंगीत. पोरांनी स्वागताचं गाणं म्हटलं, एकदम तोंडपाठ, कारण मागच्या रविवारी दुसरी बस येऊन गेली असणार. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी एकच विचारलं, पाण्याचे कॅन आणलेत का? बोअरचा पंप चार महिने बंद होता, पाणी गाढवावरून विकत यायचं. पंप दुरुस्तीचा खर्च आमच्या केक आणि बसभाड्यात आरामात निघाला असता. तरी फोटो टाकलेच सगळ्यांनी. मीपण टाकले, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर मी जरा वाचायला लागलो आणि न्युम्बानी सापडलं. स्वाहिलीत न्युम्बानी म्हणजे घरी. अँजेलो डॅगोस्टिनो नावाचे अमेरिकन जेसुइट फादर, मूळचे डॉक्टर, त्यांनी १९९२ मध्ये एचआयव्ही असलेल्या, कोणी घेत नव्हतं अशा पोरांसाठी नैरोबीत घर काढलं. तेव्हा औषधं इतकी महाग की पोरं मरायचीच. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचं वर्षाचं कॉम्बिनेशन ३५० डॉलरला देऊ म्हणून सांगितलं आणि जगभर गोंधळ उडाला, त्याच सुमारास हे फादर भारतातून स्वस्त औषधं आणायच्या मागे लागले. पुढे सरकारी शाळा या पोरांना घेईनात तर थेट कोर्टात गेले आणि २००४ मध्ये प्रवेश मिळवले. भिंत रंगवण्यापेक्षा हे काम फार वेगळं आहे आणि त्याचा सेल्फी निघत नाही.

पण मला जास्त भावलं ते त्यांचं नंतरचं काम, कितुईतलं गाव. कितुई म्हणजे नैरोबीच्या पूर्वेला कांबा लोकांचा कोरडा मुलूख, आपल्या माणदेशासारखाच समजा. एड्सने मधली पिढीच गेली, मागे राहिले आजी-आजोबा आणि नातवंडं. मग १००० एकरवर गावच वसवलं, एका घरात एक आजी किंवा आजोबा आणि दहाएक पोरं, त्यात काही तिचीच नातवंडं, काही दुसऱ्यांची. शाळा आहे, दवाखाना आहे, शेती आहे, आज्या घायपाताच्या किओंडो टोपल्या विणतात. आणि मुकाऊची झाडं लावलीत, कमी पाण्यात येणारं इमारती लाकूड, बारा-पंधरा वर्षांत तोडायला येतं. म्हणजे देणगीदार कंटाळला तरी गाव चालावं हा हिशोब. डॅगोस्टिनो २००६ मध्ये वारले, गावात राहायला लोक नुकतेच येऊ लागले होते.

कितुईत पाण्यासाठी आणखी एक भारी प्रकार आहे, वाळूचे बंधारे. पावसाळी नदीत आडवी भिंत घालायची, मागे वाळू साचते, पाणी वाळूच्या पोटात राहतं, उन्हाने उडत नाही. आपल्याकडे बायका नदीत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरायच्या ना, तेच तत्त्व. दगड गोळा करायला अख्खं गाव उतरतं. त्या पाण्यावर भाजीपाला होतो, आणि मूग तर तिथे घरोघरी, न्देंगू म्हणतात त्याला. आता मला सांगा, ज्या गावात आजीच्या शेतात मूग आहे आणि विहिरीला पाणी आहे तिथलं पोर अनाथाश्रमात कशाला येईल? कारण अनाथाश्रमातली बरीच पोरं खरी अनाथ नसतातच. आई असते, काका असतो, आजी तर असतेच. नसते ती फी आणि दोन वेळचं जेवण. त्यामुळे आश्रमाला मदत करायची तर आश्रमाच्या कुंपणाबाहेर करायला लागते.

आणि हो, मी न्युम्बानीलाही देव्हाऱ्यात बसवत नाही. हजार पोरं एका जागी म्हणजे शेवटी संस्थाच, आजी कितीही मायाळू असली तरी. केनिया सरकारने २०१७ पासून नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली, पोरं घरी, नातेवाईकांकडे परत जावीत हे त्यांचं धोरण आहे आणि मला ते पटतं. पण एचआयव्हीचं पोर, घरी म्हातारी एकटी, तिच्याकडे नुसतं परत पाठवून काय होणार? गोळी वेळेवर कोण देणार?

तर मित्राला मी काल पर्सनलवर लिहिलं, बाबा रे, जायच्या आधी तिथल्या मॅनेजरला तीन गोष्टी विचार. पाणी कुठून येतं, किती पोरांची आजी जिवंत आहे, आणि रंगारी गावातच मिळतो का, काय मजुरी घेतो. तुझ्या विमानाच्या तिकिटात त्या रंगाऱ्याचं घर किती महिने चालेल ते तूच काढ. उत्तर आलं की माझे पाच हजार पक्के, वह्यांना नाही, पंपाला.

ब्लू टिक आलीये. उत्तर नाही अजून.