‘आयटीवाल्यांना ऑफिसातच बसवा’ : त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक कारखानदारांचा, एक पतसंस्थांच्या व्यवस्थापकांचा, एक आमच्या कॉलेजच्या बॅचचा आणि चौथा राहत्या सोसायटीचा. मजकूर थोडक्यात असा : ‘घरून काम म्हणजे हॅकरला आमंत्रण. ऑफिसचं नेटवर्क सुरक्षित, घरचं वायफाय उघडं. सर्व्हर ऑफिसात असतो, मग आयटीचा माणूसही ऑफिसातच हवा. द्यायचंच असेल घरून काम, तर व्हीपीएन घ्या, विषय संपला. तसंही सोलापुरात कोण हॅक करायला येतंय? आणि घरी बसून पोरं काम करत नाहीत, नुसता वेळ काढतात.’ खाली नेहमीची ओळ, प्रत्येक मालकापर्यंत पोचवा. (व्हीपीएन म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची कुलूपबंद वाट.)

तो पोचला. माझ्या ओळखीच्या दोन ठिकाणी दुसऱ्याच दिवशी ‘उद्यापासून सगळे हजर’ असा आदेश निघाला. मी सोलापुरात बारा वर्षं लोकांचे सर्व्हर, राउटर आणि बॅकअप सांभाळतो. या मेसेजमुळे लोक चुकीच्या जागी कुलूप लावतील आणि खरं दार उघडंच राहील, अशी मला काळजी वाटते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ऑफिसचं नेटवर्क सुरक्षित.’ इथूनच सुरुवात करू, कारण बाकी सगळी इमारत या वाक्यावर उभी आहे.

दीड वर्षापूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मला बोलावलं होतं. तक्रार एवढीच की टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर संध्याकाळनंतर फार हळू चालतो. त्या कारखान्यात घरून काम करायला बंदी होती. मालकांनी तसं लेखी काढलेलं, नोटीस बोर्डावर लावलेलं. मी सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, सिक्युरिटीच्या नोंदी काढल्या. ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांगच लागली होती. ४६२५ म्हणजे लॉगिनचा फसलेला प्रयत्न. दर दोन-तीन सेकंदांना एक. नावं बदलत होती : ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, स्कॅनर, अकाउंट्स, पुन्हा ॲडमिनिस्ट्रेटर. किल्ल्यांचा भलामोठा जुडगा घेऊन कुणी दारापाशी उभं राहावं आणि रात्रभर एकेक किल्ली लावून बघावी, तसं ते चाललं होतं.

कारण राउटरमध्ये सापडलं. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, ३३८९ हा पोर्ट (नेटवर्कचं क्रमांक दिलेलं दार) थेट इंटरनेटवर उघडा होता. तो उघडून घेतला होता अकाउंटंटनी, ओळखीच्या एका पोराकडून. मी विचारल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात सांगितलं, ‘‘आई अंथरुणाला खिळलीय सर. जीएसटीच्या तारखेला रात्री नऊला परत एमआयडीसीत कसं यायचं? मालकांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.’’

त्यांनी ही वाट उघडली नसती तर रिटर्न वेळेत गेलं नसतं. म्हणजे बंदीनं घरून काम थांबलं नव्हतं, ते लपून चालू होतं. लपून चाललेल्या कामाला ना व्हीपीएन असतो, ना पासवर्डच्या जोडीला दुसरी खात्री, ना कुणी नोंदी बघत. माझ्या अनुभवात सोलापुरातल्या छोट्या कचेऱ्यांमधला मोठा धोका हाच आहे. कुठं पोर्ट उघडा, कुठं एनीडेस्क या दुरून कॉम्प्युटर चालवायच्या ॲपला कायमचा पासवर्ड ठेवलेला आणि तो पासवर्ड म्हणजे कंपनीचाच फोन नंबर. ही दारं उघडली जातात ती घरून काम करायची रीतसर सोय नसते म्हणून.

आणि ज्यांनी सगळ्यांना ऑफिसातच बसवलं होतं त्यांचं काय झालं? ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या यंत्रणेत मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरलं, बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले गेले. तेव्हा कोरोना नव्हता आणि घरून काम हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. त्याआधी, जून २०१७मध्ये नॉटपेट्या नावाचं मालवेअर आलं. ते युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलं, म्हणजे ऑफिसातल्या अकाउंट विभागातूनच आत शिरलं. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क त्यात कोलमडलं. आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. सोलापूरचा टॉवेल समुद्रमार्गे ज्या बंदरातून परदेशी जातो, तेच हे बंदर. मर्स्कनं पुढं ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्यानं उभे केले. लॉगिन-पासवर्डांची मुख्य यादी ज्या सर्व्हरांवर होती ते सगळे पुसले गेले होते. एकच वाचला, घानामधला. तिथं त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. बॅकअपची एक प्रत कायम वायर काढून ठेवा असं मी ओरडून सांगतो, ते याचसाठी.

घरच्या वायफायचा प्रश्न खोटा नाही. राउटरचा पासवर्ड अजूनही मागच्या स्टिकरवरचाच असतो, अपडेट कधी झालेलं नसतं. पण उपाय सोपा आहे. काम संस्थेच्याच लॅपटॉपवर करायचं, घरच्या पोरांच्या गेमच्या कॉम्प्युटरवर नाही. त्या लॅपटॉपची डिस्क विंडोजमधल्या बिटलॉकर या सोयीनं कुलूपबंद करायची आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की संस्थेकडे ठेवायची. म्हणजे लॅपटॉप उद्या सोलापूर-पुणे गाडीत विसरला तरी चोराच्या हाती नुसता पत्रा लागतो. विंडोजच्या होम आवृत्तीत पूर्ण बिटलॉकर मिळत नाही, म्हणून लॅपटॉप घेतानाच प्रो घ्या. तीन-चार हजार वाचवायला जाऊन लोक इथंच फसतात.

‘व्हीपीएन घ्या, विषय संपला.’ इथं तर विषय सुरू होतो. मे २०२१मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन ही इंधनाची मोठी वाहिनी सायबर हल्ल्यामुळे बंद ठेवावी लागली. हल्लेखोर शिरले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. ते खातं वापरात नव्हतं, तरी कुणी बंद केलं नव्हतं. पासवर्ड फुटलेला होता आणि दुसरी खात्री मागितलीच जात नव्हती. सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी द्यावी लागली.

व्हीपीएन हे फक्त दार आहे. त्याच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत, हे आज तुमच्या संस्थेत कुणी सांगू शकेल का? सोडून गेलेल्या माणसाचं खातं त्याच संध्याकाळी बंद होतं का? मी पहिल्या दिवशी हेच दोन प्रश्न विचारतो. मग पासवर्डच्या जोडीला फोनवरच्या ॲपचा कोड लावतो, आणि फोन हरवला तर लागणारे राखीव कोड पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवायला लावतो. व्हीपीएनच्या यंत्राचं स्वतःचं अपडेट वेळेवर करणं हे तर वेगळं सांगायला नको, पण राहतं नेमकं तेच. आणि आत आलेल्याला सगळं गाव मोकळं नसावं. अकाउंटंटला टॅलीचा सर्व्हर दिसावा, बस्स. आयटीच्या माणसाला दोन खाती असावीत. मेल वाचायला एक साधं, सर्व्हरला हात लावायला दुसरं. दुसऱ्या खात्यावरून कधीही ब्राउझर उघडायचा नाही.

‘सर्व्हर ऑफिसात, म्हणून माणूसही ऑफिसात.’ यात अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करतो. डिस्क बदलायला, केबल ओढायला हात लागतात. तीन वर्षांपूर्वी मी घरून एका संस्थेच्या फायरवॉलचा, म्हणजे नेटवर्कच्या राखणदाराचा, नियम बदलला आणि त्या चुकीच्या नियमानं माझाच रस्ता बंद झाला. रात्री साडेअकराला जुळे सोलापुरातून चिंचोळी एमआयडीसीपर्यंत जावं लागलं. त्या दिवसापासून माझा नियम पक्का आहे, फायरवॉलला हात लावायचा असेल तर तिथं एक माणूस हजर हवा, आणि आत जायला सिमकार्डावरची दुसरी वाट तयार हवी.

पण उरलेलं अर्धं बघा. माणूस ऑफिसात आठ-नऊ तास असतो, सर्व्हर चोवीस तास चालतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसच्या पुढं जातो. सर्व्हर खोलीचा एसी रविवारी दुपारी बंद पडला तर सोमवारी सकाळी हजेरी लावणाऱ्या माणसाचा काय उपयोग? खोलीत तापमानाचा सेन्सर हवा आणि त्याचा इशारा फोनवर यायला हवा. मग फोन केल्यावर वॉचमनमामांनी दार उघडून टेबल फॅन लावला तरी सर्व्हर वाचतो. मी सर्व्हर खोलीत भिंतीवर फोटो चिकटवून ठेवतो : हे यूपीएसचं बटण, ही निळी वायर, याला हात लावायचा नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आधीच रस्ते बंद. दोन वर्षांपूर्वी तेव्हाच एक यूपीएस वाजायला लागला आणि त्या फोटोंवरून मामांनी दहा मिनिटांत लोड दुसरीकडे वळवला. मी घरी फोन कानाला लावून बसलो होतो.

आणि या माणसाला आधार कोण देतं? त्याच्याकडून रात्री-अपरात्री अपेक्षा सगळ्यांची, पण वीज गेली की त्याच्या घरचा राउटरच बंद. राउटरला लावायचा छोटा यूपीएस फार महाग नसतो, दुसऱ्या कंपनीचं एक सिमही नाही. हे संस्थेनं द्यायला हवं. शिवाय पाळी ठरवून द्यावी. या आठवड्यात फोन कुणी उचलायचा आणि कुणी निर्धास्त झोपायचं. एकच पोरगा वर्षभर चोवीस तास फोनवर ठेवला तर तो चुका करतो, आणि एक दिवस पुण्याची गाडी धरतो. आपली किती पोरं अशी गेली ते आपल्याला माहीत आहे. बार्शीत किंवा मंगळवेढ्यात राहून काम करायची मुभा दिली, तर त्यातली काही थांबतील.

‘सोलापुरात कोण हॅक करायला येतंय?’ त्या कारखान्यात तरी कोण आलं होतं? इंटरनेटवरचे पत्ते क्रमानं तपासत जाणारी यंत्रं गावाचं नाव बघत नाहीत. ३१ जुलै २०२४ आठवा. छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्या मालवेअरचा, हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँकांचं, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचं, यूपीआय नि एटीएम थांबलं. फटका छोट्यांनाच बसला. कायदाही गाव बघत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती कळल्यापासून ६ तासांत तिला द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आपल्या किती संस्थांच्या राउटरमध्ये कालच्या नोंदी तरी सापडतील?

‘घरी बसून पोरं काम करत नाहीत.’ आयटीचं काम तिकिटांवर, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींवर, मोजता येतं. किती तक्रारी आल्या, किती मिटल्या, बॅकअप परत चालवून बघितला का, अपडेट कुठं राहिलं. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर बसवू नका. सभासदाचं आधार, खात्यातली शिल्लक, उघडा पासवर्ड, जे जे पडद्यावर येईल ते सगळं त्या फोटोंत साठतं. चोराला काही शोधत बसायची तसदीही उरत नाही.

ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो तो फोन त्या मेसेजमध्ये नाहीच. ‘‘मी अमुक ब्रँचमधून बोलतोय, पासवर्ड विसरलो, पटकन रिसेट करून द्या.’’ सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या एमजीएम या हॉटेल कंपनीत शिरकाव झाला तो हेल्पडेस्कला असाच फोन करून. आपल्याकडे ‘आवाज ओळखीचा आहे’ यावर फार भरवसा ठेवतात. आता आवाजही नकली बनवता येतो. आमच्या टीममध्ये म्हणून एकच रीत आहे. फोन ठेवायचा, रजिस्टरमधला नंबर काढायचा आणि आपण उलटा फोन करायचा, मग समोर प्रत्यक्ष मालक असले तरी. पहिल्यांदा ते रागावले होते. आता नव्या पोरानं उलटा फोन केला नाही तर तेच विचारतात.

त्या टॉवेलच्या कारखान्यात आम्ही त्याच रात्री पोर्ट बंद केला. मालकांसमोर बसून सगळं सांगितलं, अकाउंटंटच्या आईचंही. ते बराच वेळ गप्प होते. मग नोटीस बोर्डावरचा तो कागद त्यांनी स्वतः काढला. आता कारखान्याचा लॅपटॉप अकाउंटंटच्या घरी असतो, ॲपचा कोड टाकल्याशिवाय व्हीपीएन जोडला जात नाही आणि आत टॅलीशिवाय काही दिसत नाही. मागच्या महिन्यात मी पुन्हा त्या नोंदी उघडल्या. पूर्ण महिन्यात ४६२५च्या तीन होत्या. तिन्ही अकाउंटंटच्याच नावावर, रात्री दहाच्या सुमाराच्या, रिटर्नच्या आदल्या दिवशीच्या.