“कुणीतरी आणेलच” वाल्यांनो…

रतनगड ते हरिश्चंद्रगड, 3 दिवसांचा ट्रेक, मधे कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, कमरेएवढं गवत, रानात दुकान नसतं बाबांनो, हे ग्रुपवर महिनाभर बोंबलून सांगितलं ना रे मी? यादी पण टाकली, सगळ्यांनी पटापट अंगठे दाखवले. आणि कसाऱ्याला लोकलमधून उतरून सॅक उघडल्या तर काय, पाच जणांत फरसाणची सहा पाकिटं, 2 ब्लूटूथ स्पीकर आणि काडेपेटी शून्य! म्हणे, मला वाटलं तू आणशील. मी काय तुमची आई आहे? एकाला टॉर्च विचारला तर त्याने मोबाईल पुढे केला, चार्जिंग 11 टक्के. पाणी? अर्ध्या लिटरची बाटली, ती पण ठाण्यापर्यंतच संपवलेली, मग खिंड चढताना “एकच घोट दे ना” करत करत माझ्या बाटलीचा तळ गाठला. कुमशेतच्या एका मावशींनी काडेपेटी दिली म्हणून मॅगी तरी शिजली, नाहीतर कोरडीच चावत बसलो असतो. (त्यांनी वर भाकरी पण दिली, ती मात्र सगळ्यांना बरोबर दिसली.) आणि आता फोटोंखाली काय लिहितायत, “परफेक्ट प्लॅनिंग”! कुणाचं रे, कुणाचं? वर पुढचा ट्रेक कधी म्हणून विचारतायत. ग्रुप म्यूट केलाय मी.