एलनची बोट आणि दाजींची भट्टी

काल रात्री कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर भांडण लागलं ते इंग्लंडच्या एका बाईवरून. म्हशी समोर उभ्या, हातात धारोष्ण दुधाचे पेले, आणि विषय एलन मॅकआर्थर, एकटीनं बोटीतून जगप्रदक्षिणेचा विक्रम करून मग शर्यती सोडून देणारी.

सुरुवात बारक्यानं केली. पोरगं रोज तालमीत घुमतं, त्यामुळं त्याचा राग एकाच गोष्टीवर होता. "ऐन भरात आखाडा सोडतंच कसं माणूस? गदा मिळाल्यावर कुणी लंगोट उतरवून कचऱ्यावर भाषणं देत फिरतंय होय?"

"आधी तिनं काय केलं ते तरी सांग मर्दा," तात्या म्हणाले. बारक्याला विक्रमाचा आकडा तेवढा ठाऊक होता, म्हणून बाकीचं मी सांगितलं.

एलनचा जन्म १९७६ चा, डर्बीशरमधला. समुद्रापासून लांबचा मुलूख. चार वर्षांची असताना आत्याबरोबर पहिल्यांदा बोटीत बसली आणि तिथंच नाद लागला. शाळेतल्या जेवणाचे पैसे वाचवून वाचवून तिनं पहिली छोटी बोट घेतली. चोविसाव्या वर्षी वांदे ग्लोब या शर्यतीत उतरली. एकट्यानं, मध्ये कुठं न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीला फेरी मारायची, अशी ही शर्यत. ९४ दिवसांत पुरी करून दुसरी आली. मग २००४ च्या नोव्हेंबरात पंचाहत्तर फुटी, तीन तळांची बोट घेऊन निघाली आणि २००५ च्या फेब्रुवारीत परत आली, ७१ दिवस १४ तासांत. एकट्यानं जगप्रदक्षिणा करण्याचा तेव्हाचा सगळ्यात वेगवान विक्रम तिच्या नावावर लागला.

"आणि झोप?" दाजींनी विचारलं.

"सलग झोप नाहीच. जमेल तेव्हा थोड्या थोड्या मिनिटांच्या डुलक्या. वारा फिरला की उठायचं, शीड बदलायचं. काही बिघडलं तर तीस मीटर उंच डोलकाठीवर एकटीनंच चढायचं, खाली बोट उसळत असताना."

यावर बारक्या गप्प झाला. कष्टाची किंमत त्याला कळते.

"आपल्यातलं कुणी गेलंय का असं?" त्यानं विचारलं. गेलंय की. नौदलातले दिलीप दोंदे २००९ मध्ये मुंबईहून गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' बोटीतून एकटे निघाले आणि चार ठिकाणी थांबून २०१० मध्ये परत मुंबईला पोचले. अशी फेरी मारणारे पहिले भारतीय. आपल्या पोरांना हे नाव तोंडपाठ असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पण एलननं शर्यती का सोडल्या, हा प्रश्न राहिलाच होता. बोटीवर जेवढं नेलंय तेवढंच. डिझेल, अन्न, दोर, सुटे भाग, सगळं मोजून. तीन हजार मैलांवर कुठं दुकान आहे? ही मोजायची सवय अंगात मुरली आणि जमिनीवर उतरल्यावर तिला दिसलं, की इथंही साठा मोजकाच आहे, फक्त कुणी मोजत नाही. विक्रमानंतर ती अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावर अल्बट्रॉस पक्ष्यांच्या कामासाठी गेली. तिथं देवमाशांच्या तेलाचे जुने कारखाने गंजत पडलेत. १९०४ पासून साठ वर्षं मासे मारले, मासे संपत आले तशी माणसं निघून गेली. हे बघून आलेलं माणूस पुन्हा शर्यतीत रमणं अवघड. २०१० मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तिनं स्वतःच्या नावाची संस्था काढली. काम एकच: वस्तू अशा बनवा की त्यातला माल परत वापरात येईल.

इथं तात्या पेटले. त्यांचं गुऱ्हाळ आहे. "हे तिनं आमास्नी शिकवायचं? ऊस गाळला, चिपाडं वाळवली, तीच चुलवाणात घातली, त्यावरच काहील. राख परत रानात. माझ्या आज्यापासनं हेच चाललंय. आमच्या गुळव्याला कुणी पदवी दिली?"

खोटं नाही. पण दाजींनी पेला खाली ठेवला. ते शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीवर असतात आणि बोलतात कमी.

"तात्या, तुमचा ऊस सोपा हाय. त्यात ऊसच असतोय. माझ्याकडं भंगार येतंय त्याचं बघा. आमचे रनर-रायजर, म्हंजे ओतकाम झाल्यावर तोडून काढलेलं जादा लोखंड, आमी परत वितळवतो, त्याला काय अडचण न्हाई, कारण त्यात काय हाय ते आमाला म्हाईत. पण भायरनं आलेल्या गाडीच्या भंगारात तांब्याची वायर ऱ्हायली की तांबं लोखंडात उतरतंय. एकदा उतरलं की काढता येत न्हाई. जस्ताचा पत्रा आला की पांढरा धूर. ज्यानं ती वस्तू जोडली, त्यानं ती सोडवायची कशी ह्याचा इचारच केला न्हाई. आन ते निस्तरायचं कुणी? आमी, भट्टीच्या तोंडाशी उभं ऱ्हाऊन."

तिच्या संस्थेचं म्हणणं मी बरंच वाचलंय, पण इतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं आठवत नाही. कोल्हापुरी चप्पल घ्या. कातडं, कातड्याचीच शिवण, खिळा नाही. उसवली तर शिवता येते. रबर, फोम आणि गोंद एकत्र थापून केलेला बूट फाटला की त्यातलं काहीच सुटं करता येत नाही.

तात्या मात्र हटले नाहीत, आणि त्यांचा पुढचा मुद्दा बिनतोड होता. "तिच्या संस्थेला पैसा कुणाचा? मोठ्या कंपन्यांचाच न्हवं? कचरा करणारे तेच, आन सभेत पुढच्या खुर्चीवर बी तेच."

२०१८ मध्ये तिच्या संस्थेनं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाबरोबर प्लास्टिकचा कचरा कमी करायचा करारनामा काढला, त्यावर सह्या करणाऱ्यांत सगळ्यात जास्त प्लास्टिक वापरणाऱ्या कंपन्याही होत्या. उद्दिष्ट २०२५ चं होतं, आणि ते साल उजाडायच्या आधीच काहींनी आपले शब्द मागं ढकलले. कायद्याचा दांडका नसलेल्या सहीवर माझाही भरवसा नाही. पण त्याच करारामुळं कंपन्यांना आपण किती प्लास्टिक वापरतो ते दरवर्षी जाहीर करावं लागलं. मोजल्याशिवाय जाब कशाच्या जोरावर विचारणार? तात्यांना हे पटलं नाही. "मोजून पंचगंगा निवळंल व्हय?" म्हणाले. मोजल्याशिवायही निवळणार नाही, एवढंच मी म्हणालो, आणि तिथं आमचं दोघांचं अडलं ते अडलंच.

गवळ्यानं पेले गोळा करून बादलीत बुडवले, विसळले आणि पुढच्या गिऱ्हाइकापुढं धरले.

जाताना बारक्यानं विचारलं, "तिचा इक्रम अजून हाय?"

"नाही रे. ज्या फ्रान्सिस ज्वायोंचा तिनं मोडला होता, त्यानंच २००८ मध्ये परत घेतला. ५७ दिवसांत."

"मग ही परत उतरली न्हाई?"

"नाही."

"बोट असून?" एवढं म्हणून तो बराच वेळ गाडीला किक न मारता तसाच उभा राहिला.