मोटारसायकलवरची स्क्रीन आणि मोटारीसाठी आखलेला रस्ता

गेल्या वर्षी मे महिन्यात मी माझ्या ३५० सीसीच्या मोटारसायकलच्या हँडलवर पाच इंची, फोनशी बिनतारी जोडली जाणारी स्क्रीन बसवून घेतली. स्क्रीनला साडेसहा हजार रुपये पडले आणि क्लॅम्प, वायरिंग व मजुरीचे आणखी बाराशे झाले. त्यानंतरच्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मिळून तिच्यासह साधारण आठ हजार किलोमीटर प्रवास झाला आहे. त्यामुळे "घ्यावी का?" असे विचारणाऱ्या मित्रांना आता अनुभवावरून उत्तर देता येईल. माझे मत आधीच सांगतो. स्क्रीन जरूर घ्यावी, कारण तिच्यामुळे फोन हँडलवरून उतरून खिशात जातो. मात्र तिच्यामागचा सगळा विचार चारचाकीचा आहे, हे ओळखून वापरली तरच ती दुचाकीस्वाराच्या कामाची ठरते.

फोन हँडलवरून उतरणे मी एवढे महत्त्वाचे का मानतो, ते आधी सांगायला हवे. आजच्या बहुतेक चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात हाताचा कंप सावरण्यासाठी भिंगाची अतिशय नाजूक, हलणारी यंत्रणा असते, आणि इंजिनाची थरथर हँडलमधून तासन्‌तास तिच्यापर्यंत पोहोचत राहिली तर ती बिघडू शकते. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना याबाबत जाहीर सूचना दिली होती आणि मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलवर किंवा चासीवर फोन बसवू नये असे सुचवले होते. माझ्या एका मित्राच्या फोनचा कॅमेरा पुणे ते गोवा अशा दोन सहलींनंतर कायमचा धूसर झाला, आणि दुरुस्तीचा खर्च माझ्या स्क्रीनच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. उन्हात तापून बंद पडणारा फोन, पावसात त्याला गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि खड्ड्यात गाडी आदळली की पोटात येणारा गोळा, हे तर फोन हँडलवर लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

या स्वस्त स्क्रीनमध्ये काय असते यापेक्षा काय नसते हे समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे. माझ्या स्क्रीनमध्ये नकाशा नाही, सिमकार्ड नाही, आणि आपण कुठे आहोत हे उपग्रहांकडून ओळखण्याची सोयही नाही. ती सुरुवातीला ब्लूटूथवरून फोनशी ओळख पटवते आणि नंतर वायफायवरून फोनने तयार केलेले चित्र दाखवते. आपण तिला बोट लावले की तो स्पर्श उलट फोनकडे पाठवते. रस्ता शोधणे, उपग्रहांचा माग ठेवणे, वाहतुकीची माहिती घेणे आणि ते चित्र पाठवत राहणे ही सगळी कामे खिशातला फोन करत असतो. म्हणूनच स्क्रीन लावल्यावर फोनची बॅटरी वाचेल ही समजूत चुकीची आहे. माझ्या फोनची बॅटरी सकाळी पूर्ण भरलेली असली तरी दुपारच्या जेवणापर्यंत निम्म्याच्या खाली येते. सुरुवातीला मी तो पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या काळ्या टँक बॅगेत ठेवत असे, पण एप्रिलच्या उन्हात त्या बॅगेची भट्टी होते. आता तो जॅकेटच्या आतल्या खिशात असतो आणि जेवणाच्या थांब्यावर पॉवर बँकेला लागतो.

माझा मुख्य मुद्दा रस्त्याचा आहे. अशा स्क्रीनवर आपण अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोनमधली ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय चालवतो, आणि या दोन्ही सोयी मुळात मोटारीच्या डॅशबोर्डसाठी तयार झालेल्या आहेत. भारतात फोनवरच्या नकाशात दुचाकीसाठी वेगळा मार्ग मिळण्याची सोय २०१७ च्या डिसेंबरपासून आहे आणि आपल्यापैकी कित्येकांना तिची सवय झाली आहे. मी वापरतो त्या जोडणीत मात्र तोच फोन स्क्रीनला जोडला की दुचाकीचा पर्याय दिसेनासा होतो आणि मोटारीचा मार्ग सुरू होतो. दुसऱ्या एखाद्या राज्यात यामुळे फारसे बिघडणार नाही, पण महाराष्ट्रात फार बिघडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही बंदी आहे. म्हणजे राज्यातले सर्वांत वेगवान रस्ते नेमके असे आहेत, की मोटारीचा हिशेब करणारा नकाशा प्रत्येक वेळी आधी तेच सुचवणार.

पुण्याहून पनवेलला जाताना किवळ्याजवळ माझ्या हेल्मेटमधल्या ब्लूटूथ संचातून येणारा नकाशाचा आवाज मला द्रुतगती मार्गावर जायला सांगत होता. मी त्या भागात पंचवीस वर्षे गाडी चालवत असल्याने जुन्या महामार्गानेच गेलो, पण पुढचे कितीतरी किलोमीटर तो आवाज मला त्या बंदी असलेल्या रस्त्याकडे वळवण्याचा प्रयत्न करत राहिला. त्याच ठिकाणी नांदेडहून किंवा बेळगावहून पहिल्यांदा आलेला तरुण असता तर त्याने काय केले असते? वेगाने येणाऱ्या मोटारींच्या प्रवाहात, टोलनाक्याच्या अलीकडे, गाडी मागे वळवण्याची वेळ एखाद्या दुचाकीस्वारावर येणे ही दंडापेक्षा जिवाची गोष्ट आहे. यावर मी काढलेला उपाय साधा आहे, पण त्याला घरी दहा मिनिटे द्यावी लागतात. निघण्यापूर्वी फोनवर दुचाकीचा मार्ग पाहायचा, जिथे दोन मार्ग वेगळे होतात ती गावे हेरायची आणि स्क्रीनला एकदम शेवटचे ठिकाण न देता मधल्या गावांचे थांबे द्यायचे. पनवेलला जायचे असेल तर लोणावळा आणि खोपोली, असे.

दुसरी गोष्ट नजरेची. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे जाते, म्हणजे स्क्रीनकडे दोन सेकंद पाहिले तर ३३ मीटर रस्ता आपण न पाहताच ओलांडलेला असतो. चारचाकीत तेवढ्यात एखादा खड्डा चुकवायचा राहिला तर दणका बसतो. दुचाकीवर त्याच खड्ड्यात माणूस पडतो. म्हणून मी स्क्रीनपेक्षा कानावर जास्त विसंबतो. हेल्मेटमध्ये साधा ब्लूटूथ संच आहे, त्यात वळणाची सूचना ऐकू येते, आणि चौकात तीन फाटे असले तरच खाली एक नजर टाकतो. पहिल्या दिवशी मला आवाजच येत नव्हता. फोन स्क्रीनशी जोडला गेला की सूचनांचा आवाजही स्क्रीनकडे जातो, त्यामुळे हेल्मेटचा संच फोनऐवजी स्क्रीनला जोडावा लागतो. हे कोणी सांगत नाही. स्क्रीनवर गाणी आणि आलेले संदेश दाखवण्याची सोय असते, ती मी पहिल्याच आठवड्यात बंद केली. कायद्याचा रोखही हाच आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीने हातातले साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्याची मुभा दिली आहे.

वायरिंगबद्दल मी कळकळीने सांगू इच्छितो, कारण स्क्रीन निवडताना आपण आठवडाभर व्हिडिओ पाहतो आणि ती बसवायचे काम मात्र समोर येईल त्या दुकानात अर्ध्या तासात उरकतो. माझ्याकडूनही तेच झाले. पहिल्या कारागिराने स्क्रीनची वायर सरळ बॅटरीला जोडून दिली. किल्ली काढली तरी स्क्रीन थोडा थोडा वीजप्रवाह ओढत राहिली, आणि पाच दिवस उभी असलेली गाडी सहाव्या दिवशी सेल्फला दाद देईना. नंतर एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी ते सगळे काढून किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर जोडणी केली, मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज टाकला आणि मूळ वायरिंग कुठेही न कापता कपलरमधून, म्हणजे वायरी जोडण्याच्या तयार खोबणीतून, वायर घेतली. "हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ, वायर ताणली जाता कामा नये," एवढे सांगून त्यांनी ते माझ्याकडूनच तपासून घेतले. स्क्रीन स्वस्त घेतली तर चालते, पण जोडणीत काटकसर करू नये. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांची बॅटरी लहान असते, त्यांच्या मालकांनी तर हे आधी विचारून घ्यावे.

उन्हात स्क्रीन दिसते का, हा प्रश्न सगळे विचारतात. खोक्यावर लिहिलेल्या तेजस्वितेच्या आकड्यावरून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण गाडीची दिशा आणि दिवसाची वेळ यांवर ते अवलंबून असते. सकाळी पुण्याहून कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला निघालो की सूर्य पाठीशी असतो आणि त्याचे ऊन थेट स्क्रीनवर पडते. तेव्हा नकाशा जेमतेम दिसतो. संध्याकाळी त्याच दिशेने जाताना सूर्य समोर असतो, स्क्रीन स्वतःच्या सावलीत राहते आणि सगळे स्पष्ट दिसते. रात्री उलटी अडचण होते. घाटात अंधार असताना तिचा उजेड हेल्मेटच्या काचेवर परावर्तित होतो, म्हणून निघतानाच तो अगदी कमी करून ठेवावा लागतो. पावसात स्क्रीनच्या आत पाणी गेले नाही, याबद्दल मी समाधानी आहे. मात्र पाण्याचे थेंब तिला बोटासारखेच भासतात आणि नकाशा आपोआप सरकू लागतो. अशा वेळी तिच्याशी झटत बसू नये. कानातला आवाज चालूच असतो.

कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरताना कोयनानगरच्या पुढे फोनचे नेटवर्क गेले, तरी उपग्रहांचा संपर्क नेटवर्कवर अवलंबून नसल्याने आणि मार्ग आधीच ठरलेला असल्याने स्क्रीनवरचा बाण व्यवस्थित पुढे सरकत राहिला. नेटवर्क नसताना वळण चुकले असते तर नवा मार्ग मिळाला नसता, म्हणून त्या भागाचा नकाशा मी घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवतो. पण उतरवलेल्या नकाशाला आजचा रस्ता माहीत नसतो. जुलैमध्ये भोरहून महाडला जायला निघालो, तेव्हा स्क्रीन निःशंकपणे वरंध घाट दाखवत होती. भोरमध्ये चहाच्या टपरीवर एका आजोबांनी गाडीची तयारी पाहिली आणि म्हणाले, "वरंध्याने निघालात का? बंद आहे घाट. वाईवरून महाबळेश्वर करा आणि आंबेनळीने पोलादपूरला उतरा." दरडींच्या भीतीने गेली काही वर्षे पावसाळ्यात तो घाट बंद ठेवण्याचे आदेश निघतात, हे मला माहीत असायला हवे होते. तेव्हापासून सह्याद्री ओलांडण्याआधी, घाटाच्या अलीकडच्या शेवटच्या गावात थांबून विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

रोज घर ते कचेरी एवढीच गाडी चालवणाऱ्याला या स्क्रीनची गरज आहे असे मला वाटत नाही. त्याने तेच पैसे चांगल्या हेल्मेटवर घालावेत. महिन्यातून एकदोनदा दोनशे किलोमीटरपलीकडे जाणाऱ्याने ती घ्यावी, कानात आवाज येईल अशी सोय तिच्याबरोबरच करावी आणि मधली गावे भरल्याशिवाय निघू नये. ज्या देशात रस्त्यावर दुचाकींची संख्या सर्वांत मोठी आहे, तिथे मोटारसायकलसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्क्रीनवर मोटारसायकलचा रस्ता दिसावा, ही मागणी आपण नकाशे बनवणाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा करायला हवी. मी माझ्या ॲपमधून तसे कळवले आहे. तुमच्यापैकी कोणाच्या स्क्रीनवर दुचाकीचा मार्ग जसाच्या तसा येत असेल, तर कोणता फोन, कोणते ॲप आणि कशी जोडणी, हे कृपया खाली सविस्तर लिहा. पुढच्या महिन्यात नागपूरला जायचे आहे आणि मला समृद्धीच्या प्रवेशद्वाराशी जाऊन परत फिरायचे नाही.